चिऱ्याच्या भुकटीचं क्ले कोर्ट होईल का?

कुळागरातली (फोंडा)

नमस्कार. टेनिस आणि माती, या दोन्हीतलं ज्यांना कळतं त्यांनी जरा सवडीनं वाचावं ही विनंती.

माझी मुलगी बारा वर्षांची. तीन वर्षं टेनिस खेळतेय, सिमेंटच्या कोर्टावर. २०२५ च्या ८ जूनला आम्ही दोघी फ्रेंच ओपनची फायनल, सिन्नर विरुद्ध अल्काराझ, बघायला बसलो. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली. दिवेलागण, जेवणं, भांडी, सगळं त्या सामन्याच्या मधेमधे उरकलं. सिन्नरनं पहिले दोन सेट घेतलेले, चौथ्या सेटमध्ये तो ५-३ पुढे आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०, म्हणजे पुढच्या तीनांतला एक पॉइंट मिळाला की सिन्नर जिंकला. सासूबाई म्हणाल्या, "झालं आता, झोपा." पोरीनं टीव्ही बंद करू दिला नाही. अल्काराझनं ते तिन्ही पॉइंट वाचवले, सेट टायब्रेकवर घेतला, आणि पाचवा सेट चालू असताना आमच्या वाड्यावरची वीज गेली. उरलेला सामना आम्ही मच्छरदाणीत बसून मोबाइलवर बघितला. ५ तास २९ मिनिटं चालला. शेवटचा टायब्रेक १०-२. बारा वाजून गेले होते आणि आम्ही दोघी रडत होतो.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच आहे, घसरत जाऊन फटका मारायचा. अल्काराझ दोन-दोन मीटर घसरत जातो, पाय लांब ताणून चेंडू उचलतो आणि तिथूनच परत उभा राहतो. हिनं तेच सिमेंटवर करून बघितलं. बूट जागच्या जागी अडकला, घोटा मुरगळला, तीन आठवडे पट्टी. शिकवणारे सर सगळ्यांसमोर ओरडले, "टीव्ही बघून खेळतेस काय!" पण न अडकता कसं घसरायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तिला घोट्यापेक्षा तेच जास्त लागलं. जवळपास मातीचं कोर्ट नाही, आणि पणजीला रोज ने-आण करणं आम्हाला जमणारं नाही.

घरामागं जुना गोठा होता. तो पाडून जागा मोकळी झालीय, २२ मीटर लांब आणि ११ रुंद. एका बाजूला डोंगराचा उतार, दुसऱ्या बाजूला पोफळी. कंपाउंडचं काम झाल्यापासून गवंड्यानं चिरे (जांभा दगड) तासून टाकलेल्या भुकटीचा मोठा ढीग तिथंच पडलाय. रंग अगदी टीव्हीवरच्या कोर्टासारखा. मुलीनं मूठभर भुकटी स्क्रीनशेजारी धरून दाखवली, फरक ओळखू येत नव्हता.

तर ही भुकटी पसरून रोलर फिरवला तर चालेल का? आपल्या पावसात टिकेल का? आणि घसरत खेळणं मातीवर खरंच सुरक्षित असतं का? तुळशीचं लग्न जवळ आलंय, अंगण करायला माणसं येणारच आहेत. त्याच हाताखाली हेही उरकावं असं मनात आहे.

म्हापशेकार

नक्की टाका. आमच्या शाळेचं मैदान चिऱ्याच्या मातीचंच होतं, त्यावर फुटबॉल, क्रिकेट, खो-खो सगळं खेळलो. रंग तोच, माती तीच. रोलर नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे भाड्यानं मिळेल.

डोंगरपायथा (पेडणे)

ताई, घाई करू नका. आमच्या घरात दोन पिढ्या चिरेखाणीचा धंदा होता आणि मी आता शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

चिऱ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन यानं मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे बघितलं आणि १८०७ साली हे नाव छापलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नावात वीट आहे, पण चिरा भाजलेला नसतो. इथंच सगळा फरक पडतो. खाणीतून काढला तेव्हा तो मऊ असतो, कोयत्यानंसुद्धा तासता येतो. हवा लागली, सुकला, की कडक होतो. पण त्याची भुकटी केली की त्यातली माती मोकळी होते, आणि पाणी मिळालं की ती परत चिकट चिखल होते. उन्हात पापुद्रा धरते, पापुद्र्याला भेगा पडतात. शाळेच्या मैदानावर ते खपतं. टेनिसचा चेंडू भेगेवर पडला तर कुठं उडेल ते सांगता यायचं नाही.

वीट भट्टीत भाजल्यावर तिची माती पुन्हा माती होत नाही. विटेचा कितीही बारीक चुरा केला तरी कण कणच राहतो, पाण्यात विरघळून लापशी होत नाही. फ्रेंच ओपन होते त्या पॅरिसच्या कोर्टांवर पसरतात तो भाजलेल्या विटेचा चुरा असतो. रंग लोहामुळं, आपल्या चिऱ्याचाही लोहामुळंच. म्हणून तुमच्या मुलीला ते सारखे दिसले, आणि तिचं निरीक्षण बरोबरच आहे. गुण मात्र वेगळे.

जुना मार्कर

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी १९८१ ते २०१६ पणजीतल्या एका क्लबात होतो. आधी चेंडू उचलणारा पोर, मग मार्कर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्कर म्हणजे सभासदांबरोबर सरावाला खेळणारा आणि पहाटे कोर्ट तयार ठेवणारा, दोन्ही एकच माणूस. आमची दोन कोर्टं लाल मातीची होती. नंतर ती काढून सिमेंट केलं, सांभाळायला सोपं म्हणून. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

पेडण्याच्या मास्तरांनी बरोबर सांगितलंय. चिऱ्याची भुकटी नको. पण त्याआधी दुसरी गोष्ट समजून घे, कारण सगळे इथंच फसतात. टीव्हीवर दिसतं ते लाल म्हणजे कोर्ट नव्हे. रोलां गॅरोसला, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, तो लाल थर फक्त एक ते दोन मिलिमीटरचा असतो. भाकरीवर पिठी भुरभुरावी तेवढाच. खरं कोर्ट त्याच्याखाली, जवळजवळ ८० सेंटीमीटर खोल. अगदी तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळसा जळून उरलेल्या खंगराचा थर, त्यावर सहा-सात सेंटीमीटर बारीक केलेली पांढरी चुनखडी, दाबून घट्ट बसवलेली. पाय त्या चुनखडीवर पडतो. पाणी धरून ठेवते तीही चुनखडीच. लाल चुरा असतो घसरण्यासाठी, आणि चेंडूचा डाग उमटावा म्हणून. हवेतला ओलावा ओढून धरावा म्हणून वरून कॅल्शियम क्लोराइडही मारतात. चुनखडी सुकली की लाल वाऱ्याबरोबर उडून जातं आणि खालचं पांढरं उघडं पडतं. मग बूट अडकायला लागतो.

म्हणून मातीच्या कोर्टाचं निम्मं काम पाण्याचं. मी पहाटे पाचला जायचो. आधी तळहात कोर्टावर टेकवून बघायचा. हात उचलल्यावर लाल कण तळव्याला लागले पण ओल जाणवली नाही, तर पाणी कमी. हाताचा ठसा काळपट उमटला तर जास्त. दोन्हींच्या मधलं हवं. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून धार फोडायची, थेंब वरून पावसासारखे पडले पाहिजेत. सरळ धार मारली की खड्डा पडतो. मग अर्धा तास थांबायचं. मग गोणपाट ओढायचं, बाहेरून आत गोल-गोल, म्हणजे कडेला गेलेला चुरा परत मधे येतो. आतून बाहेर ओढलं तर महिन्याभरात सगळं लाल कुंपणाशी जमतं. शेवटी सुतळी ताणून चुन्याच्या रेघा. सात वाजता पहिला सभासद यायचा, तेव्हा कोर्टावर एकही पाऊल उमटलेलं नसायचं. त्या दहा मिनिटांसाठी मी पस्तीस वर्षं उठलो.

आता लाल चुरा कुठून आणायचा? आमचा खानापूरकडून यायचा, विटांचा, ट्रकानं. एक वर्ष ट्रक आला नाही. डिसेंबर उजाडला, कोर्ट उघडं पांढरं पडलेलं. तेव्हाच क्लबाच्या पडवीचं छप्पर उतरवलं होतं, आणि मागं मंगळुरी कौलांच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. माळी म्हणाला, हीपण भाजलेली मातीच ना? आम्ही दोघांनी घण घेऊन चार दिवस कौलं फोडली, वाळूच्या जाळीतून चाळली, मग पिठाच्या चाळणीतून. त्या मोसमात कोर्ट जितकं छान खेळलं तितकं आधी कधी खेळलं नव्हतं. विटेपेक्षा कौल जास्त भाजलेलं असतं, चुरा खरखरीत राहतो.

पुढं एका सभासदानं सांगितलं, की ही सगळी तऱ्हाच अशी सुरू झाली. १८८० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला, कान गावात, रेनशॉ नावाचे दोन इंग्रज भाऊ हिरवळीवर टेनिस खेळायचे. तिथल्या उन्हात हिरवळ जळून गेली. तेव्हा त्यांनी जवळच्या वालोरी गावातून फुटक्या मडक्यांचा चुरा आणून वर पसरला. कुंभारांचं गाव ते, फुटकी मडकी हवी तेवढी. म्हणजे अल्काराझ ज्यावर घसरत होता त्याचं मूळ खापरातच. तुझ्या गोठ्याला कौलं होती की नाही? असली तर कुठं टाकलीत? शोध.

मोजमाप सांगतो. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब, दुहेरीला १०.९७ रुंद, आणि मागं-बाजूला पळायला जागा धरली की साधारण साडेछत्तीस बाय सव्वाअठरा मीटर लागतात. तुझ्या जागेत ते बसणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. अर्धं कर. जाळीच्या जागी भिंत उभी कर, तिच्यावर ९१ सेंटीमीटरवर पांढरी रेघ मार. जाळीची उंची मधोमध तेवढीच असते. भिंतीपासून बेसलाइन, म्हणजे मागची रेघ, ११.८९ मीटरवर. मागं सहा मीटर राहिले तरी तुझ्या २२ मीटरांत उरतं. रुंदीला एकेरीचे ८.२३ घे, दोन्ही बाजूंना सव्वा मीटरच्या वर राहतं. घसरायला शिकायला भिंतीसारखा गुरू नाही. भिंत कंटाळत नाही आणि ओरडतही नाही.

तुझ्या सगळ्या जागेवर दोन मिलिमीटर चुरा म्हणजे जेमतेम अर्धा घनमीटर. सिमेंटच्या रिकाम्या गोणीनं मोजलं तर चौदा गोण्या. झीज धरून वीस भरून ठेव.

पण पहिला पैसा चुऱ्यावर घालू नको, गटारावर घाल. तू लिहिलंस एका बाजूला डोंगराचा उतार. कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बागायत, आहे म्हणजे पाणी तुमच्याकडेच धावत येणार, म्हणून तर पोफळी आहेत. डोंगराच्या बाजूला कोर्टाच्या तळापेक्षा खोल चर खण, दगड भरून पाटाला जोड. ते केलं नाहीस तर वर सोनं पसरलंस तरी पहिल्या पावसात खालून पाणी फुटेल. मग कोर्टाला एकाच अंगाला उतार दे, मीटरमागं तीन-चार मिलिमीटर, डोळ्याला कळणारही नाही इतका. ८० सेंटीमीटर खोल जायची तुला गरज नाही, पाऊण फूट काळी खडी नीट चोपलीस तरी पोरीच्या सरावाला पुरे. तिथं मात्र चिरा घालू नको, काळा दगडच घाल. वर चुनखडीचा चुरा, बागलकोटकडचा मिळतो. चुनखडी कच्ची हवी, भाजलेला चुना अजिबात नको. भाजलेल्या चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो, पोरीचे पाय पोळतील.

पावसाचं म्हणशील तर, आपल्याकडे चार महिने कोर्ट बंदच. मृग लागायच्या आत लाल चुरा खरवडून गोण्यांत भरायचा, माळ्यावर टाकायचा. दसऱ्यानंतर खालचं चोपून परत पसरायचा. अंगणाचं करतेस तसंच. पोफळीखाली सावलीत शेवाळ धरेल, तिकडची एक ओळ तोडावी लागेल. त्याचा विचार घरच्यांशी बोलून कर.

आता घसरण्याचं. नाचणीचे दाणे जमिनीवर सांडलेत आणि त्यावर पाय पडला, तर पाय जसा पुढं सरकतो, तसं आहे हे. कण बुटाखाली फिरतात. सिमेंटवर फिरणारं काही नसतं, रबर धरून ठेवतं, मोठे खेळाडू ताकदीच्या जोरावर सरकतात. बारा वर्षांच्या घोट्यानं ते करू नये. मातीवर सुद्धा नियम आहे: चेंडू मारून मग घसरायचं नाही, घसरत येऊन थांबता-थांबता मारायचं. गुडघा वाकलेला, भार खाली, पुढच्या पायाचा पंजा जायच्या दिशेनं. बुटाचा तळ माशाच्या काट्यासारख्या नक्षीचा हवा, दुसरा चालत नाही. पहिले आठ दिवस रॅकेट हातात देऊच नको. नुसतं धावायचं आणि सरकायचं.

एक छोटी परीक्षा आज रात्री कर. काचेचे दोन ग्लास घे. एकात तुझी चिऱ्याची भुकटी दोन चमचे, दुसऱ्यात कौल कुटून, चाळून दोन चमचे. पाणी घाल, ढवळ, सकाळी बघ. मग तळाचा गाळ चिमटीत घेऊन चोळ. तुलाच उत्तर मिळेल.

पणजी ते पॅरिस

मार्करकाकांचं वाचून अंगावर काटा आला. मी इथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, सहा वर्षं. २०२५ मध्ये पहिल्यांदा रोलां गॅरोसचं तिकीट काढलं, पहिल्या रविवारचं, २५ मेचं. बाहेरच्या छोट्या कोर्टांचं तिकीट, तेवढंच परवडलं.

मी खेळाइतकंच माती सांभाळणाऱ्यांना बघत होतो. सेट संपला की ते जाळ्या ओढत येतात, काकांच्या गोणपाटासारख्याच, फक्त रुंद. एक माणूस लांब ब्रशनं रेघा झाडतो, एका दमात, न थांबता. सगळं आटपून परत जाग्यावर, तोवर खेळाडू टॉवेलसुद्धा खाली ठेवत नाहीत.

आणि तो डाग! एक चेंडू रेघेजवळ पडला, खेळाडू हात वर करून उभा. पंच खुर्चीवरून उतरले, चालत गेले, वाकले, बोट दाखवलं, आउट. बाकी तिन्ही ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी उरलेल्या तिन्हींत, आता रेघेचा निर्णय यंत्र देतं, विम्बल्डननंसुद्धा २०२५ मध्ये रेघेवरची माणसं काढली. इथं अजून माणूस आणि माती. मला ते फार आवडलं. तुमच्या मुलीला भिंतीशी खेळताना स्वतःचे डाग बघायची सवय लावा. चेंडू किती आत पडला, किती लांबट डाग उमटला, सगळं मातीवर लिहिलेलं असतं.

त्याच दिवशी निवृत्त झालेल्या राफाएल नदालचा निरोप होता. मुख्य कोर्टावर हजारो लोक मातीच्या रंगाचे टी-शर्ट घालून बसलेले. आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो. १४ विजेतेपदं, ११२ विजय आणि फक्त ४ पराभव, या एका जागी. त्याला हरवणारे सॉडरलिंग २००९, जोकोविच २०१५ आणि २०२१, झ्वेरेव २०२४, बस्स. जाळीजवळ त्याच्या पावलाचा ठसा कायमचा बसवलाय. शेजारी उभे फ्रेंच आजोबा रडत होते, मीपण.

इथल्या क्लबांत एक रीत आहे, ती तुमच्याकडेही ठेवा. खेळ संपला की आपलं कोर्ट आपणच झाडायचं, मगच बाहेर पडायचं. लहान मुलंसुद्धा जाळी ओढतात.

एक सांगायचं राहिलं. बऱ्याच जणांना रोलां गॅरोस हा टेनिसपटू वाटतो. तो वैमानिक होता. १९१३ साली त्यानं भूमध्य समुद्र विमानानं न थांबता ओलांडला, आणि १९१८ मध्ये युद्धात पडला. १९२७ साली फ्रान्सच्या चार खेळाडूंनी अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप, देशादेशांमधली टेनिस स्पर्धा, जिंकला, पुढच्या वर्षी तो राखायला मोठं मैदान हवं होतं म्हणून १९२८ मध्ये हे बांधलं आणि त्याचं नाव दिलं.

म्हापशेकार

माझं मत मागं घेतो. कौलांचं माहीत नव्हतं. आमच्या आजोळच्या घराची यंदा कौलं बदलली, पडवीत दोन-तीनशे फुटकी पडून आहेत. ताई, हवी असतील तर टेंपो पाठवा, पैसे नकोत.

कुळागरातली (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं, सासूबाईंसकट सगळ्यांना.

ग्लासांची परीक्षा केली. गोठ्याची कौलं टाकली नव्हती, विहिरीमागं रचून ठेवली होती. मुलीनं दगडी रगड्यात एक कौल कुटलं. सकाळी चिऱ्याचा ग्लास अजून लाल, पलीकडचं काही दिसत नव्हतं. कौलाच्या ग्लासातलं पाणी निवळलेलं, तळाला केशरी थर, वर स्वच्छ. गाळ चोळून बघितला. चिऱ्याचा बोटांना गंधासारखा चिकटला, धुतला तरी नखांत राहिला. कौलाचा रव्यासारखा खरखरीत, झटकला की गेला. मुलगी तो ग्लास शाळेत दाखवायला घेऊन गेलीय.

दुसरं म्हणजे सासूबाई. त्या रात्री "झोपा" म्हणणाऱ्या. त्यांनी माळ्यावरून लाकडी चोपणं काढलं, त्या त्याला पेटणं म्हणतात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांनी दर वर्षी पावसानंतर या घराचं अंगण चोपलंय. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही फरशी घातली आणि ते थांबलं, फक्त तुळशीपुढचा तुकडा राहिला. काल त्यांनी नातीला चोपणं कसं धरायचं ते दाखवलं. मनगटानं मारायचं नाही, खांद्यापासून सोडायचं, आणि लाकूड सपाट पडलं पाहिजे, कड लागली की खळगा पडतो. पोरगी म्हणाली, "आजी, हे तर फोरहँडसारखंच." तासभर दोघींनी मिळून तुळशीपुढची माती चोपली.

पोफळीची ओळ तोडायला घरच्यांचा नकार आहे. पंचवीस वर्षांची झाडं आहेत, मलाही तोडवणार नाहीत. त्याऐवजी कोर्ट डोंगराच्या बाजूला दीड मीटर सरकवलं तर? मग चर अगदी भिंतीला लागून येईल. चालेल का? आणि चाळण किती बारीक हवी?

म्हापशेकार भाऊ, टेंपो रविवारी पाठवते. नारळ पाठवते त्यातून, ते तरी घ्या.

जुना मार्कर

झाडं ठेव. कोर्ट सरकव, पण दीड नको, एकच मीटर सरकव. चर भिंतीच्या पायापासून निदान हातभर लांब राहिला पाहिजे, नाहीतर पाणी पायाखाली शिरेल. उरलेल्या सावलीच्या पट्ट्यावर चुनखडी थोडी जाड घे आणि तिथं पाणी कमी मार. पोफळीच्या झावळ्या रोज उचलायच्या, ते काम पोरीचं.

चाळण दोनदा. आधी वाळूची जाळी, मग घरातली रव्याची चाळण. पिठाची घेतलीस तर फार बारीक येतं, ते उडून जाईल. आम्ही तेव्हा पिठाची वापरली आणि मार्चमध्ये परत कौलं फोडत बसलो. चाळणीत उरलेले मोठे कण टाकू नको, परत कुट. कौल कुटताना नाकातोंडाला ओला फडका बांधा, तो धुरळा छातीत जाऊ देऊ नका.

आपल्याकडचा माणूस मातीवर जिंकत नाही असं कुणी पोरीला म्हणालं तर तिला सांग, भारताचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद याच पॅरिसच्या मातीवर आलं. १९९७ साली, मिश्र दुहेरीत, महेश भूपती आणि जपानची रिका हिराकी. १९९९ मध्ये तिथंच पेस-भूपतीनं पुरुष दुहेरी जिंकली, २००१ मध्ये परत. पेसचे वडील वेस पेस मूळचे आपल्या गोव्याचे, हॉकीत ऑलिंपिकचं ब्राँझ आणलेले. ९९ च्या त्या विजयानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपरातला फोटो कापून क्लबाच्या फळ्यावर लावला होता, पाऊस चालू होता, कोर्टावर ताडपत्री होती.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. खडीवर चोपणं चालत नाही, तिथं रोलरच लागेल. पण वरच्या चुनखडीच्या कडा, भिंतीजवळच्या, रोलर पोचत नाही तिथं, त्यांनीच चोपाव्यात. मी पंधरा दिवसांनी फोंड्याला लेकीकडे येणार आहे. तोवर चर खणून ठेव आणि एक पाऊस पडला तर पाणी कुठून कुठं जातं ते उभं राहून बघ. येताना माझं जुनं गोणपाट आणि सुतळी घेऊन येतो.